शाळेत चिनी आणायची, तर ती मराठीतून आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीजवळच्या एका सेमी-इंग्रजी शाळेतल्या शिक्षिका विचारताहेत. त्यांच्या संस्थेचे एक विश्वस्त मशिनरीच्या खरेदीसाठी ग्वांगझूला जाऊन-येऊन असतात. त्यांनी मनावर घेतलंय की जूनपासून पाचवीला चिनी सुरू करायची, 'भाषा आणि संस्कृती दोन्ही आली पाहिजे'. आणि हे काम बाईंच्या गळ्यात पडलंय. शिक्षक कुठून आणायचा, तास किती ठेवायचे, पालकांना काय सांगायचं, आणि गॅदरिंगला ड्रॅगनचा नाच बसवला तर संस्कृती आली असं धरता येईल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. बाकीच्यांना जरा वेळ लागेल.

मी गेली सोळा वर्षं पुण्यात चिनी शिकवतेय. त्यातली बरीचशी शाळांमधून, कधी तासिकेवर, कधी शनिवारचा वर्ग म्हणून. पाच शाळांत मी हा विषय अगदी शून्यापासून सुरू केला. त्यातल्या दोनच ठिकाणी तो आज चालू आहे. उरलेल्या तीन ठिकाणी उद्घाटन दणक्यात झालं होतं, लाल कंदील लागले होते, स्थानिक पेपरात फोटोही आला होता. तिन्हीकडे विषय बंद पडण्याचं कारण एकच: शिक्षक गेला आणि दुसरा मिळाला नाही. एका ठिकाणी तो गेलेला शिक्षक मीच होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवत नाही. पण म्हणूनच म्हणते, जूनमध्ये सुरू कसं करायचं हा तुमचा सोपा प्रश्न आहे. आज पाचवीत बसणारं पोर सातवीत जाईल तेव्हा वर्ग चालू असेल का, याचा विचार आत्ता करा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही आयबी किंवा केंब्रिजच्या शाळेत असता, तर चिनी हा परीक्षेचा रीतसर विषय म्हणून घेता आला असता. राज्य मंडळाच्या शाळेत तसं नाही. मराठी २०२० च्या कायद्याने सक्तीची आहेच, इंग्रजी आहे, हिंदीवरून काय रणकंदन झालं ते २०२५ मध्ये आपण पाहिलं. त्यात चौथी भाषा गुणांसाठी घुसवायला जाऊ नका. छंदवर्ग म्हणूनच ठेवा. पालक कदाचित विचारतील की नव्या शैक्षणिक धोरणात चिनीचं नाव का नाही. २०१९ च्या मसुद्यातल्या परदेशी भाषांत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणातल्या यादीतून ती गेली आणि कोरियन, थाई वगैरे आल्या. पण ती यादी उदाहरणादाखल आहे, चिनी शिकवायला बंदी घातलेली नाही.

तासांचं गणित विश्वस्तांसमोर कागदावर मांडा. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका, वर्षात प्रत्यक्ष हाती लागणारे ३० आठवडे. झाले ३५ तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरती चिनी यायला साधारण २,२०० तास वर्गात बसावं लागतं असं धरते. म्हणजे 'पोरं दहावीला फाडफाड चिनी बोलतील' हे वाक्य माहितीपत्रकात छापू नका. दोन-तीन वर्षांत मूल स्वतःची, घरच्यांची ओळख करून देईल, भाव विचारेल, शे-दीडशे शब्द नीट उच्चारेल. यावर विश्वस्त खूश असतील तर पुढे जा. आणि जमलं तर दोन मोठ्या तासिकांऐवजी १५-२० मिनिटांचे चार तुकडे मागा. परिपाठानंतरचे मिळाले तर उत्तमच. ही भाषा आधी कानात बसावी लागते, आणि कानाला थोडं थोडं पण रोज लागतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिहिलंय, 'आमची मुलं इंग्रजीत कच्ची आहेत, त्यांना हे झेपेल का?' अहो, मला त्याचाच आनंद झाला.

पहिल्या शाळेत मी चिनी शिकवली ती इंग्रजीतून, कारण मीही तशीच शिकले होते. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत आहे, तिला पिनयिन म्हणतात, १९५८ पासून चीनमध्ये तीच अधिकृत आहे. मी पहिल्याच दिवशी फळ्यावर पिनयिन लिहिलं. मुलांनी रोमन 'बी' बघितला की 'ब' म्हणायचं, 'डी' बघितला की 'ड'. वर्षभर तेच. घोळ असा आहे की तो 'बी' मुळी 'ब' नाहीच, तो आपला 'प' आहे. आणि पिनयिनमधला 'पी' आहे 'फ'. तसंच 'डी' म्हणजे 'त'च्या जवळचा आवाज, 'टी' म्हणजे 'थ'च्या जवळचा. 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. चिनीत घोष-अघोष असा भेद या अक्षरांत नाहीच. भेद आहे तो श्वासाचा, अल्पप्राण आणि महाप्राण. म्हणजे जो भेद इंग्रजी माणसाला वर्षभर ऐकू येत नाही, तो आपलं पोर बालवाडीत 'क, ख' घोकताना शिकून बसलेलं असतं. आणि आपण त्याला इंग्रजीच्या वाटेने नेऊन तो विसरायला लावतो!

आता मी पहिले दोन महिने रोमन अक्षर दाखवतच नाही. प्रत्येकाला वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी देते. ती ओठांसमोर धरायची. 'पा' म्हटलं की पट्टी हलता कामा नये, 'फा' म्हटलं की उडाली पाहिजे. फक्त बजावायचं, की हा फणसाचा 'फ' आहे, फोनचा नाही. आजकालची मुलं फणसालाही फोनचाच 'फ' लावतात, मग पट्टी नुसती थरथरते, उडत नाही. दोन ओठ मिटून हवा सोडली की उडते. मागच्या वर्षी सहावीतला एक मुलगा पट्टीकडे बघून म्हणाला, 'बाई, म्हणजे मी मराठीपण चुकीचं बोलतोय.' मराठीच्या बाईंनी मला त्या दिवशी स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी दिली.

अजून एक देणगी मराठीची आहे, ती हिंदीवाल्यांकडेही नाही. आपल्याकडे 'च' दोन आहेत, चहातला आणि चमच्यातला. चिनीतही दोन्ही आहेत आणि वेगवेगळे आहेत. पिनयिनमधला 'जे' हा चहातला 'च', आणि 'झेड' हा चमच्यातला. बातम्यांत ज्याला आपण बीजिंग म्हणतो त्याचा उच्चार 'पेइ-चिंग'च्या जवळ जातो, 'च' चहातला. (बातम्यांत बीजिंगच राहू दे, मी तिथे दुरुस्त्या करत हिंडत नाही.) पुस्तकात ज्याला ह्युएन त्संग लिहितात, त्याच्या नावाचा शेवट चमच्यातल्या 'च'ने सुरू होतो. यांखेरीज एक ओळ जीभ वळवून म्हणायच्या आवाजांची आहे. तिथे 'षट्कोण'मधला 'ष' जो मुलगा खराखुरा म्हणतो तो वाचला, बाकीच्यांना मेहनत आहे. आणि 'ई' म्हणता म्हणता ओठांचा चंबू करायचा असा एक स्वर आहे. तो आपल्याकडे नाही, त्यावर वर्गात हसणं होतं. होऊ द्यावं.

सूर, म्हणजे टोन, यांची भीती विनाकारण घातली जाते. चार सूर आहेत, आणि पाचवा एक हलका, बिनसुराचा. पहिला सरळ उंच, तानपुऱ्यावर धरल्यासारखा. दुसरा खालून वर, फोनवर नीट ऐकू न आल्यावर आपण 'काय?' म्हणतो तसा. तिसरा खाली दबलेला, नाइलाजाने दिलेल्या 'हं'सारखा. चौथा वरून खाली आदळणारा, 'बस!' असा. फरक इतकाच, की मराठीत सुराने भाव बदलतो, चिनीत शब्दच बदलतो. तुमच्या विश्वस्तांना एक उदाहरण जरूर द्या. 'माय' तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणे, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणे. ग्वांगझूच्या बाजारात हा सूर चुकलेला परवडायचा नाही.

आकडे तर मुलं एका दिवसात घेतात. एकोणचाळीसला चिनीत 'तीन-दहा-नऊ' म्हणतात, बहात्तरला 'सात-दहा-दोन'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? चिनी मुलांचा तो रोजचा प्रकार आहे. आमच्या वर्गात एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत गोंधळणारी मुलं चिनीत धडाधड मोजतात, आणि मला त्यांचा तो आनंद फार आवडतो.

नात्यांचंही तसंच. इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी. चिनीत मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामीला मामीचा स्वतंत्र शब्द. वर वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही निरनिराळे शब्द. आईकडचे आजी-आजोबा आणि वडिलांकडचे आजी-आजोबा यांनाही. मी मुलांना घरून वंशावळ काढून आणायला सांगते आणि प्रत्येक चौकटीत मराठी शब्दाशेजारी चिनी शब्द लिहायला लावते. तुम्ही विचारलेली संस्कृती इथे येऊन बसलेली असते, वेगळा कार्यक्रम करावा लागत नाही. ज्या समाजाने इतकी नाती वेगळी मोजली, तिथे घरात कोण कुणाच्या आधी जेवायला बसत असेल, असं विचारलं की मुलं आपणहून आपल्या घराचं सांगू लागतात.

लिपीबद्दल मात्र हात आखडता घ्या. पहिल्या वर्षी पन्नास-साठ चिन्हं खूप झाली, तीही ओळखण्यापुरती. चीनमधली मोठी माणसंसुद्धा मोबाइलवर पिनयिन टाइप करून यादीतून चिन्ह निवडतात आणि हाताने लिहायला बसल्यावर अडतात. झाडाचं एक चिन्ह, दोन झाडं जवळ काढली की राई, तीन काढली की घनदाट जंगल, असं काही शिकवलं की विसरत नाहीत. 'घर' या चिन्हात छपराखाली डुक्कर आहे, त्यावर हशा ठरलेला. 'शांतता, स्वास्थ्य' या चिन्हात छपराखाली बाई आहे. त्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, 'आमच्या घरी आई आल्यावर शांतता संपते.' तो तास मग चिन्हांचा राहिला नाही.

लिहायला वही-पेनाने सुरुवात करू नका. चीनमधल्या बागांत सकाळी म्हातारी माणसं लांब दांड्याचा स्पंजाचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत उभी असतात. मी तिथे वर्षभर शिकायला होते तेव्हा रोज बघायचे. एक आजोबा शेवटच्या चिन्हापर्यंत पोचेतो पहिलं वाळून गेलेलं असायचं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. आपल्या शाळांच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी असतेच. तिच्यावर ओलं अक्षर काळंभोर उठतं. छत्रीच्या दांड्याला फोमचा तुकडा बांधला की ब्रश तयार. एका चिन्हातल्या रेघांचा क्रम ठरलेला असतो, साधारण वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. तो हाताच्या मोठ्या हालचालीतून जसा बसतो तसा वहीच्या चौकोनात बसत नाही. चुकलं तरी दोन मिनिटांत ऊन पुसून टाकतं, त्यामुळे बुजरी मुलंही पुढे येतात.

आता ड्रॅगन. माझ्या सुरुवातीच्या एका शाळेत गॅदरिंगला 'चायना डान्स' बसवला होता. मुलांना लाल सदरे, आणि मेकअपवाल्याने पेन्सिलीने डोळे तिरपे काढलेले. मी विंगेत उभी होते आणि काही बोलले नाही. त्या शाळेत एक मुलगी मणिपूरची होती. त्यानंतर महिनाभर पोरं तिला 'चिनी' म्हणून हाक मारत होती, डोळे ओढून. हे मला तिच्या आईने सांगितलं, शाळेने नाही. तेव्हापासून मी वेशभूषा करू देत नाही. ड्रॅगन वाईट नाही हो, पण ज्या शाळेला चीनबद्दल तेवढंच माहीत असतं, तिथे तो मुलांच्या हातात चिडवायचं साधन देतो. मंचुरियन आणि शेजवान चटणीचंही तसंच. चायनीजच्या गाडीवरचं जेवण आपलं आहे, झकास आहे, पण ते चीनचं जेवण म्हणून सांगू नका. पाहिजे तर चहा घ्या. 'चहा' हा शब्दच चिनी आहे, आणि 'टी'सुद्धा, दक्षिणेकडच्या बंदरातल्या बोलीतून समुद्रमार्गे गेलेला. उलट 'मँडरिन' हा शब्द आपल्या 'मंत्री'वरून मलय आणि पोर्तुगीज तोंडातून फिरत गेलेला आहे.

सणांपैकी मी कोजागिरी धरते. चीनमध्ये आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला मध्य-शरद उत्सव असतो, कुटुंब एकत्र येतं, चंद्र बघतात, मूनकेक खातात. २०२५ मध्ये तो आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली, ६ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये मात्र त्यांचा सण २५ सप्टेंबरला आणि आपला महिनाभराने. का? तर अधिक महिना तिकडेही असतो. त्यांचा २०२५ मध्ये येऊन गेला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. सातवीच्या मुलांना दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून हे शोधायला लावा, भूगोलाचे सरही येऊन बसतील. आणि चंद्रावरचा ससा! आपण चंद्राला शशांक म्हणतो, त्यांच्याकडे तो हिरव्या मौल्यवान दगडाचा, जेडचा ससा आहे, औषध कुटत बसलेला. २०१३ मध्ये चीनने चंद्रावर उतरवलेल्या गाडीचं नाव त्याच सशावरून ठेवलं, युतू.

माणसं हवी असतील तर दोन पुरे. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याबद्दल लिहिणारा तो चिनी प्रवासी, ह्युएन त्संग: इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. मुलांना हे ऐकून भारी वाटतं. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, चिनी शिकले, तिथेच लग्न केलं, १९४२ च्या डिसेंबरमध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं, 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. इचलकरंजीहून सोलापूर काही लांब नाही, एक सहल काढा.

शिक्षकाबद्दल. जेएनयू, शांतिनिकेतनचं चीना भवन, हैदराबादचं इफ्लू इथून चिनी शिकलेली मुलं-मुली बाहेर पडतात, पण कंपन्या त्यांना तुमच्यापेक्षा बराच जास्त पगार देतात. चीनमधून एमबीबीएस करून आलेले पुष्कळ जण सराईत बोलतात, शिकवता येईलच असं नाही. मी उमेदवाराकडून एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची, तीही जुन्या सहा पातळ्यांच्या, निदान चौथी पातळी मागते आणि पाचवीच्या वर्गावर वीस मिनिटांचा तास घ्यायला लावते. त्या वीस मिनिटांत मुलं जास्त बोलली की शिक्षक, एवढंच बघते. तुमच्या गावात कुणी मिळणार नाही, हे गृहीत धरा. मग बाहेरचा शिक्षक ऑनलाइन, आणि वर्गात तुमच्याच शाळेतल्या एक बाई कायम हजर, मुलांबरोबर शिकणाऱ्या. त्या बाई म्हणजे तुम्ही, असं मला वाटतंय. बाहेरचा बदलला तरी धागा तुमच्या हातात राहतो. माझ्या चालू असलेल्या दोन्ही शाळांत हेच झालंय.

पालक १९६२ काढतील, गलवान काढतील. २०२० च्या जूननंतर माझे वर्ग अर्धे रिकामे झाले होते, आणि तेव्हा मला राग आला असला तरी आज येत नाही. वाद घालू नका. आपलं लष्करही पचमढीला आपल्या माणसांना चिनी शिकवतं, एवढं सांगा. भाषा येणं आणि देश आवडणं वेगळं. दोन काळज्या मात्र घ्या. चीनमध्ये छापलेली पुस्तकं आणि तक्ते आणले तर नकाशा तपासा. अरुणाचल आणि अक्साई चीन तिथे त्यांच्या पद्धतीने दाखवलेले असतात, तो तक्ता भिंतीवर लागला तर शाळा अडचणीत येईल. आणि ग्वांगझूच्या एखाद्या व्यापाऱ्याने विश्वस्तांच्या ओळखीने शाळेला देणगी देऊ केली, तर संस्थेची परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

जूनचा आग्रह असेल, तर जूनमध्ये वर्ग उघडू नका, तुम्ही स्वतः शिकायला लागा. दिवाळीनंतर सहावीची वीसेक मुलं घ्या, पाचवीची नको, त्यांना नव्या वर्गात स्थिरावू द्या. त्यांना पहिल्या दिवशी कागदाची पट्टी द्या. पट्ट्या जरा जास्तच कापून ठेवा, पहिल्या पाच मिनिटांत निम्म्या थुंकीने भिजतात.